मागच्या सीटचं माप

मुलुंड (पूर्व)
सोमवार, ८ जानेवारी २०२४

दत्तारामभावोजी,

काल दुपारी मधुकर तुमच्याबरोबरच्या रविवारच्या फेरीवरून घरी आला तेव्हा त्याचा डावा कोपर सोललेला होता, पँट गुडघ्यावर फाटलेली होती, आणि तो मला म्हणाला की जिन्यात पाय सरकला. मी त्याच्या कोपरातून चिमट्याने डांबराची खडी काढली. आमच्या जिन्यात डांबर नाही. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हो वैनी, बरोबर वैनी" म्हणता आणि कोलंबीचा भाव विचारता. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर ते मधुकर वाचतो, कारण माझ्या फोनला कुलूप नाही. कागदावर विचारलेल्याला कागदावर उत्तर द्यावं लागतं.

तुम्हाला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं विमा कार्यालयात अपघातांचे दावे तपासले. "वाहन घसरले" असं कोणी लिहून दिलं की माझा पहिला प्रश्न असायचा, कोरड्या रस्त्यावर का घसरलं? काल पाऊस नव्हता.

मधुकर चौसष्ट वर्षांचा आहे. नोव्हेंबरपासून त्याने नवीन मोटारसायकल घेण्याचं डोक्यात घेतलं आहे. जुन्या धाटणीची हवी, गोल दिव्याची, जुन्यासारखा आवाज करणारी, पण बटणावर सुरू होणारी. म्हणतो, निवृत्तीत आरामात हिंडायला. एक बुलेट आणि एक त्याच कंपनीची बुटकी, पाय पुढे टाकून बसायची, अशा दोघींची माहितीपत्रकं आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांखाली असतात. मी हरकत घेतली नव्हती. कारखान्यात अडतीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेले भाग तपासण्यात घालवलेल्या माणसाने स्वतःसाठी एखादी गोष्ट निवडावी, असंच मला वाटत होतं. कालपासून हरकत आहे. त्याचा वाहन परवाना माझ्या लोखंडी कपाटात आहे.

मला तीन गोष्टी कळवा. तुमची येझदी मोटारसायकल कोण चालवत होतं, कुठे पडलात, आणि का पडलात. तुम्ही कारखान्यात टूलरूमला होतात, मोघम माप तुम्ही कधी चालवून घेतलं नाही असं मधुकर सांगतो. मलाही मोघम नको.

कुंदा


चेंबूर
१३ जानेवारी २०२४

सौ. कुंदावैनींस नमस्कार,

तुमचं पत्र आलं. पोस्टमन खालूनच ओरडला, मेस्त्री, तुम्हाला कोणी पत्र लिहिलं? सगळ्या बिल्डिंगला वाटलं कोर्टाची नोटीस. वाचून मलाही तसंच वाटलं.

आता उत्तर. गाडी मधू चालवत होता. मी मागे होतो. घाटकोपरच्या पुढे सर्व्हिस रोडवर बांधकामाची रेती सांडलेली होती, त्यावर पुढचं चाक गेलं. वेग म्हणाल तर माणूस चालतो एवढा. मधू डाव्या अंगावर पडला आणि मी त्याच्या अंगावर. माझं वजन तुम्हाला माहीत आहे, तेव्हा कोपरावर भागलं हे नशीब समजा.

येझदी एक्क्याण्णवची. ती माझा हात ओळखते, मधूचा नाही. म्हणून तर मी त्याला सांगतो की नवी घे. दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी घे. ती बुटकी चांगली. बुलेट दिसायला झकास, पण सिग्नलला कलली की या वयात सावरत नाही. बुटकीला मागे टेकायला पाठ बसवता येते, पाय ठेवायला जागा मिळते. मी सगळं बघून ठेवलं आहे.

वैनी, परवाना देऊन टाका. मधू वाईट चालवत नाही. एकदा पडला म्हणून एवढी शिक्षा कशाला? आणि गाडी लवकर घेऊ द्या, पाडव्याची वाट बघत बसू नका.

सूनबाई अक्षताने तुमच्यासाठी कोकमं दिली आहेत, मधूकडे पाठवतो.

आपला,
दत्ताराम


मुलुंड (पूर्व)
२२ जानेवारी

दत्तारामभावोजी,

रेतीचं उत्तर मी सध्या मान्य करते. मधुकरला तुमचं पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "दत्ता लिहितो तसंच." मग गॅलरीत जाऊन बसला. स्वतःची चूक कबूल करताना तो सहसा इतका गप्प नसतो, वाद घालतो. पण असो.

परवाना मोटारसायकल ठरेपर्यंत कपाटातच राहील. आणि मोटारसायकल मी ठरवणार आहे. वस्तू घेणाऱ्याने ती बघितलीच पाहिजे, हे मी पॉलिसी विकणाऱ्यांना सांगत आले, तेव्हा स्वतः बघायला शनिवारी घाटकोपरच्या शोरूममध्ये गेले. मधुकरला नेलं नाही.

शिवणाची टेप नेली होती. बुलेटची सीट जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर, बुटकीची शहात्तर. मधुकरच्या पायाचं माप मी घरी घेऊन गेले होते. बुलेटवर त्याच्या टाचा उचललेल्या राहतील. वजनात दोघींत फारसा फरक नाही, दोन्ही एकशे नव्वद किलोच्या वर. तिथला विक्रेता मुलगा मला सांगायला लागला की बुलेट म्हणजे शान आहे. मी त्याला विचारलं की शान पडली तर उचलायची कोणी? तो म्हणाला, "मॅडम, सर्व्हिसवाले येतात." मी म्हटलं, बरं, लिहून दे. त्यानंतर त्याने नीट माहिती दिली.

आता जे लिहिते ते फक्त तुमच्यासाठी. बुटकीच्या माहितीपत्रकात मधुकरने पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. इंजिनाच्या पानावर एकही नाही. सगळ्या खुणा मागच्या सीटवर आहेत. रुंदी, पाठ, पायाची जागा, धरायची दांडी. मी त्याच्या मागे बसले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा स्कूटर होती, आणि मीच एकदा भांडून भांडुपला उतरून बसने घरी आले होते, त्यानंतर बसले नाही. त्यानेही कधी विचारलं नाही. आता विचारायचं कसं हे त्याला सुचत नसणार, म्हणून पेन्सिल.

मी शोरूममध्ये साडीचा पदर खोचून त्या बुटकीच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं. गुडघे तक्रार करत नाहीत. पाठ मात्र हवी.

तेव्हा बुटकी. मार्चअखेर घेऊ, तोवर उन्हात चार वेळा मोकळ्या मैदानात सराव करू दे. घाई करायची मला सवय नाही.

कुंदा


चेंबूर
२९ जानेवारी

कुंदावैनींस नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. दोन-तीन वेळा लिहायला बसलो, पान फाडलं. माझं अक्षर तसंही कोणाला लागत नाही.

बुटकी ठरवलीत ते फार बरं केलंत. पण मार्च कशाला, वैनी? मार्चला उशीर होतो. आत्ता घेतली तर आत्ता हिंडता येईल. मैदानातला सराव मधूला नको, त्याचा हात पक्का आहे. मी म्हणतो म्हणून तरी ऐका.

मागच्या सीटचं तुम्ही लिहिलंत त्यावर मी काय लिहू? मधूला विचारा. नाहीतर विचारू नका. तो बिचारा सांगणार नाही.

इकडे ठीक. आमचा हर्षद नोकरीला नाशिकला, तीन आठवड्यांनी एकदा येतो. अक्षता बँकेतून आठला येते. मी दिवसभर एकटा, लोकांच्या शिलाई मशीन दुरुस्त करतो. रविवारी मधू नव्हता तर एकटाच येझदी घेऊन ठाण्याला मिसळ खाऊन आलो. दोघांची ऑर्डर द्यायची सवय, दिली. दुसरी प्लेट तशीच राहिली.

आपला,
दत्ताराम


मुलुंड (पूर्व)
मंगळवार, ६ फेब्रुवारी

दत्तारामभावोजी,

काल मधुकरची पँट धुवायला काढताना खिशात एक कागद मिळाला. कुर्ल्याच्या गुणाजी सीट-कव्हरवाल्याची चिठ्ठी आहे. जशी आहे तशी उतरवते: "मागची सीट, पाठ अठरा इंच, दोन्ही बाजूला कान लोखंडी फोम लावून, कमरेचा पट्टा अठ्ठेचाळीस इंच, बक्कल बस-सीटवालं."

पट्टा वाचून मला राग आला. मी काय गोणी आहे बांधून न्यायला? मग अठ्ठेचाळीस वाचलं. माझी कंबर चौतीस आहे, आणि चाळीस वर्षं संसार करून नवऱ्याचा अंदाज चौदा इंच चुकत नाही, विशेषतः तो नवरा तपासणी खात्यात असेल तर.

मी गुणाजीला फोन केला. सांगितलं, मधुकर गोगट्यांच्या घरून बोलते, सीटचं माप बरोबर आहे ना? तो म्हणाला, "हो ना ताई, ते जाडे साहेब स्वतः बसून गेले. पट्टा दोनदा लावून बघितला. ते हसत होते, आपले साहेब रडत होते."

जाडे साहेब तुम्ही. आपले साहेब माझा नवरा, जो त्याची आई गेली तेव्हाही माझ्यासमोर रडला नाही.

मी मधुकरला कागद दाखवला. तो म्हणाला, "कुंदा, मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय." मी विचारलं नाही. तुम्हाला विचारते. मोटारसायकलच्या मागे धडधाकट माणसाला बांधून का न्यायचं?

आणि ती सीट माझ्यासाठी नव्हती हे मला तुमच्या एकोणतीस तारखेच्या पत्रातच कळायला हवं होतं. तुम्ही त्यावर "मी काय लिहू?" असं लिहिलंत. खरं लिहायचं होतंत. शोरूममध्ये पदर खोचून बसले त्याचं मला काही वाटत नाही. ते मी तुम्हाला लिहिलं, त्याचं वाटतं.

कुंदा


चेंबूर
शनिवार, १० फेब्रुवारी

कुंदावैनींस,

रेती नव्हती.

सप्टेंबरात ठाण्याला मिसळ खाताना मी बाकावरून खाली पडलो. मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तर मधू माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि शर्ट माझ्याच लाळेने भिजलेला. म्हटलं, "मधू, माका काय झाला रे?" तो म्हणाला, उन्हाने. उन्हाने नव्हतं, फीट होती. त्यानेच डॉक्टरकडे नेलं, डोक्याचा फोटो काढला. मेंदूत कधीतरी बारीक रक्ताची गुठळी होऊन गेली आहे, तिचा डाग आहे. गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. मधूपुढे म्हणाले, म्हणून त्याला माहीत. हर्षदला आणि अक्षताला माहीत नाही. गोळ्या मी बीपीच्या डबीत ठेवतो.

मी गाडी बंद केली नाही. खोटं कशाला सांगू? सुगंधा गेली, मी विधुर झालो, तेव्हापासून मला बाहेर काढते ती ही गाडी. चेंबूरला मला कोणी दत्ताराम मेस्त्री म्हणून ओळखत नाही, येझदीवाले म्हणून ओळखतात. मधू रोज फोन करायचा, बंद कर. मी म्हणायचो, करतो.

मग त्यानेच तोड काढली. तो नवी घेणार, आरामाची. मी मागे बसणार. ज्या दिवशी नवी येईल त्या दिवशी येझदी बंद. मी शब्द दिला. मागे बसून फीट आली तर पडू नये म्हणून पाठ, कान आणि पट्टा. आमचं आयुष्य असंच गेलं, वैनी. मशीन हलायला लागली की आम्ही आधाराला ब्रॅकेट ठोकायचो. डोकं हलायला लागलं त्यालाही ब्रॅकेटच सुचला.

सात जानेवारीला गाडी मी चालवत होतो. मधू मागे. मला एवढंच आठवतं की समोरची बस मोठी मोठी होत गेली. मधूने मागून माझ्या काखेतून हात घालून हँडल धरलं आणि गाडी कडेला नेऊन पाडली. कोपर त्यात सोलला. तुम्हाला तो जिना म्हणाला ते माझ्यासाठी. मी तुम्हाला "मधू चालवत होता" लिहिलं तेही माझ्यासाठीच. तुम्ही त्याचा परवाना काढून घेतलात तरी तो गप्प बसला. मी पण बसलो. त्याची लाज मला रोज वाटते.

आता तुम्ही मालक. पण मागे तरी बसू द्या. हर्षद पंचवीस तारखेला रविवारी येतोय. मी त्याला तोंडाने सांगतो, फोनवर नको. तेवढे दिवस द्या.

दत्ताराम


मुलुंड (पूर्व)
मंगळवार, १३ फेब्रुवारी

दत्तारामभावोजी,

खरं लिहिलंत, त्याबद्दल आभार मानत नाही. उशीर झाला आहे.

परवाना मी कपाटातून काढून मधुकरच्या पुढ्यात ठेवला आणि माफी मागितली. कशी, ते लिहीत नाही. त्याने परवाना अजून उचललेला नाही, टेबलावर तसाच आहे.

मी आमच्या डॉक्टरांना नाव न घेता विचारून आले. गोळ्या सुरू करून, फीट पूर्ण थांबून बराच काळ जाईपर्यंत मागेही बसायचं नाही. पट्टा तर नाहीच. मोटारसायकल आडवी झाली तर सुटा माणूस बाजूला फेकला जातो, बांधलेला तिच्याबरोबर घासत जातो. असे दोन दावे माझ्या हाताखालून गेले आहेत, त्यांच्या फोटोंत काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. गुणाजीला मी काम थांबवायला सांगितलं. तुम्ही दोघं मिळून शहात्तर वर्षं कारखान्यात होतात आणि एकालाही हे सुचलं नाही, कारण एकाला दुसऱ्याला नाही म्हणायचं नव्हतं. मी दोघांनाही नाही म्हणते.

पंचवीस तारीख मान्य आहे. बारा दिवस. हर्षदला तुम्ही सांगा, बापाने सांगणं बरं. सव्वीसला सकाळी मी त्याला फोन करीन आणि तुम्ही सांगितलंत का एवढंच विचारीन.

रविवारी मधुकर बसने तुमच्याकडे येत जाईल. मिसळ चेंबूरलाही मिळते.

कुंदा


चेंबूर
शनिवार, २४ फेब्रुवारी

कुंदाकाकू,

बाबांचा मोबाइल तुटला, तुमचा नंबर त्यातच होता, आणि मधुकरकाकांचा लागत नाही. आमच्या शेजारच्या एक बाई मुलुंडला जात आहेत, त्यांच्या हाती हे देते.

गुरुवारी सकाळी साडेदहाला बाबा येझदी घेऊन मेडिकलमधून गोळ्या आणायला गेले. मेडिकल आमच्याकडून चालत दहा मिनिटांवर आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर रतनबाई पालेभाजी घेऊन बसतात, गाडी थेट त्यांच्यावर गेली. त्यांच्या घोट्याचं हाड मोडलं आहे, काल ऑपरेशन झालं. बाबांचा उजवा हात मनगटात मोडला आणि खांद्याचं हाड सरकलं. त्यांना तिथे रस्त्यावर फीट आली, लोकांनी बघितली. हॉस्पिटलात मी नेलेल्या बीपीच्या डबीतल्या गोळ्या डॉक्टरांनी ओळखल्या, तेव्हा मला कळलं. घरी त्यांच्या उशाखाली तुमची पत्रं होती. मी वाचली. माफ करा, पण वाचली.

पोलिसांना बाबांनी ब्रेक लागला नाही असं सांगितलं आहे. हर्षद कालच आला. तो बाबांशी बोलत नाही. काकू, तुम्हाला माहीत होतं ना? मला एक फोन केला असता.

अक्षता


मुलुंड (पूर्व)
मंगळवार, २७ फेब्रुवारी

दत्तारामभावोजी,

हे पत्र अक्षता तुम्हाला वाचून दाखवील. तिच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

मला माहीत होतं. मी बारा दिवस दिले, आणि ते देताना तारीख लिहिली, सांगायचं कोणी ते लिहिलं, फोन कधी करीन ते लिहिलं. तोवर गाडीला हात लावायचा नाही, हे लिहिलं नाही. एकतीस वर्षं लोकांच्या कागदांतली राहून गेलेली ओळ शोधून दाखवली आणि माझ्या कागदातली मला दिसली नाही. मागे बसायचंही मी बंद केलं, तेव्हा तुमच्याकडे येझदीच उरली. तेही मला दिसलं नाही. जानेवारीत परवाना अडवला नसता तर बुटकी फेब्रुवारीच्या आधी आली असती, असं मधुकर म्हणाला नाही. मी म्हणते.

मी काल रतनबाईंना भेटून आले. वयाने माझ्याएवढ्या. त्या म्हणाल्या, "त्यांचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते आणि येतच होते." चार लोक बाजारात म्हणतात की म्हातारा प्यायला होता. तुम्ही पीत नाही. पण ब्रेकचं सांगितलंत तर रतनबाईंनी आयुष्यभर हेच समजावं का, की एक माणूस माझ्याकडे बघत बघत माझ्यावर आला?

येझदीचे ब्रेक तुम्ही स्वतः बसवता. तुमच्या हाताच्या ब्रेकवर खोटा आळ घेऊ नका. पोलिसांना पुन्हा बोलवा आणि सांगा की डॉक्टरांनी गाडी मना केली होती, ते तुम्हाला समजलं होतं, तरी चालवलीत. त्याने तुमचं नुकसान होईल, कदाचित बरंच. दावा तपासणाऱ्या बाईला ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तरी सांगा. मलाही विचारलं तर मी माझ्या तारखांसकट सांगणार आहे.

मधुकर रोज तुमच्याकडे येऊन काय बोलतो ते मी विचारत नाही. घरी आल्यावर तो टेबलाशी बसतो. आज शोरूममधून फोन आला होता की बुटकी आली आहे, काळ्या रंगात. तो म्हणाला, सध्या नको.

कुंदा


चेंबूर
रविवार, ३ मार्च

कुंदावैनींस,

अक्षता लिहिते आहे, मी सांगतो तसं. हात प्लास्टरमध्ये आहे.

परवा जबाब बदलून दिला. हवालदाराने दोनदा विचारलं, आजोबा, नक्की? म्हटलं, नक्की लिहा. केस होणार. हर्षदने ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसला. माझं पांघरूण सारखं केलं.

रतनबाईंच्या मुलाकडून निरोप आला की त्यांना फीटचं कळलं. त्या म्हणाल्या म्हणे, मग त्यांना मी दिसतच नव्हते. एवढंच. राग गेला नाही, जायला नकोच. त्यांचा पाय बरा होईपर्यंत अक्षता रोज त्यांचा डबा करते.

मधू आज म्हणत होता, नव्या गाडीला बाजूला सायडकार लावू, तू त्यात बस. मापं पण घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, मधू, आता पुरे. तो कागद त्याने माझ्यासमोर फाडला आणि मग आम्ही बराच वेळ टीव्ही बघत बसलो, टीव्ही बंद होता.

वैनी, तुमच्यावर राग आहे का म्हणून अक्षता विचारते आहे. तिचा होता, ती सांगते की आता थोडा आहे. माझा नाही. तुम्ही मुदत दिलीत, तेव्हा मला आत कळलं होतं की तुम्ही काय लिहायला विसरलात. मी गप्प बसून त्याचा फायदा घेतला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

एक काम करा. येझदीच्या किल्ल्या तुम्ही घेऊन जा. हर्षद म्हणतो, मी लपवतो. पण या घरात किल्ली कुठेही ठेवली तरी मी तिला शोधणार, मला मी माहीत आहे. मधूकडे नको, तो मला देईल. तुम्ही देणार नाही. पुढच्या रविवारी या. पोचपावती करा, मला दाखवा, अंगठा उठवतो.

दत्ताराम


चेंबूर
रविवार, १० मार्च २०२४, सकाळी साडेअकरा

पोच

दत्ताराम धाकू मेस्त्री यांनी आज त्यांच्या राहत्या घरी खालील गोष्टी दिल्या. त्यांचा मुलगा हर्षद व सून अक्षता हजर होते. मधुकर खाली आवारात गाडीजवळ होता, वर आला नाही.

वाहन परवाना, एक. तो हर्षदच्या ताब्यात दिला, आरटीओला परत करण्यासाठी. त्यासोबत डॉक्टरांचा सप्टेंबरचा कागद आणि मेंदूच्या फोटोचं पाकीट. हेही हर्षदकडे. कागद त्याने माझ्यासमोर पूर्ण वाचला.

गाडीचं नोंदणीपुस्तक, एक, प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्याकडे.

गाडी पोलिसांनी तपासून परत दिली. आवारात जिन्याखाली उभी आहे. पुढचा मडगार्ड वाकलेला, दिवा फुटलेला. ब्रेक दोन्ही चालू. टायरमध्ये हवा भरून घेतलेली आहे. बंद गाडीला हवा कशाला असं मी विचारलं. न भरल्यास टायर बसतात, हे लिहून ठेवावं असं दत्ताराम यांनी सांगितलं, म्हणून लिहिलं.

किल्ल्या, दोन. एक वापरातली, एक देव्हाऱ्यामागून अक्षताने काढून दिली. आणखी आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. पोच वाचून दाखवली, त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. हर्षद आणि अक्षता चहा करायला आत गेल्यावर त्यांनी मला थांबायला सांगितलं, बनियनच्या खिशातून एक किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वरचा आकडा खोडून पुन्हा लिहिते.

किल्ल्या, तीन. मिळाल्या.

कुंदा मधुकर गोगटे